ओटीपी कुणाच्या फोनवर जातो?

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी सोलापूरला संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. माझी आई कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकते. मैत्रिणीच्या अम्मी घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवून देतात. दोघींचा माल चांगला, पण गिऱ्हाईक ठरलेलं आणि भावही समोरच्यानंच ठरवलेला. महिला आणि अल्पसंख्याक उद्योजकांना एकमेकांशी जोडणारं ॲप आम्ही प्रकल्प म्हणून करायला घेतलं आहे. लॉगिन, प्रोफाइल, चॅट आणि ‘जवळच्या उद्योजिका’ दाखवणारा नकाशा एवढं झालंय. सर म्हणतात, छान आहे. आई म्हणते, “याचं मी करू काय?” असं ॲप खरंच चालेल का? चालायचं तर त्यात काय हवं? आणि नोंदणीच्या फॉर्ममध्ये धर्म-जात विचारावी का?
— दोन वाचक, सोलापूर

उत्तर : सरांच्या शेऱ्यापेक्षा आईंचा प्रश्न जास्त कामाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आईंनी ॲप उघडलं असं धरू. नकाशावर टिकल्या दिसल्या. त्यात चार कडक भाकरीवाल्या, दोन चटणीवाल्या, एक पापडवाली. या सगळ्यांना आई आधीपासून ओळखतात. पिठाच्या गिरणीत भेट होते, भिशीत होते, बचत गटाच्या बैठकीत होते. ज्वारी कुणाकडे चांगली आली आहे, कोणता दुकानदार पैसे थकवतो, हे त्यांना एकमेकींकडून केव्हाच कळलेलं असतं. तुम्ही त्यांना ज्या ओळखी करून दिल्यात, त्या त्यांच्याकडे होत्याच. पुण्यातला किराणा दुकानदार, वसतिगृहाचा मेसवाला, कर्जाचा अर्ज नीट वाचून बघणारा बँक अधिकारी, लेबल छापणारा, हे लोक त्यांच्या ओळखीत नाहीत आणि तुमच्या नकाशावरही नाहीत.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा 1973 सालचा एक निबंध या विषयात फार गाजलेला आहे. बॉस्टनजवळच्या एका उपनगरातल्या नोकरदारांना त्यानं विचारलं, ही नोकरी तुम्हाला कुणामुळे कळली? ज्यांना ती ओळखीतून मिळाली होती, त्यांच्यापैकी बहुतेकांची ती ओळख जिवलग मित्राची नव्हती, अधूनमधून भेटणाऱ्या माणसाची होती. कारण साधं आहे. जिवलगांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी, नवं काम येतं ते लांबच्या ओळखीतून. सोलापूरच्या एका पेठेतल्या सात बायकांना एकमेकींशी आणखी घट्ट जोडून त्यांचा गप्पांचा गट चांगला होईल. पण तो व्हॉट्सॲपवर आधीच आहे, फुकट आहे आणि त्याला पासवर्ड लागत नाही. तुमची स्पर्धा त्याच्याशी आहे.

अशा जाळ्यांची कल्पना अमेरिकेत बरीच रुजली आहे, तेव्हा तिथं काय झालं तेही पाहू. 1972 साली तिथं अल्पसंख्याक पुरवठादारांची एक राष्ट्रीय परिषद उभी राहिली. तिच्या सभासदांत एका बाजूला कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई वंशाचे छोटे उद्योजक होते, तर दुसऱ्या बाजूला मोठमोठ्या कंपन्यांचे खरेदी विभाग. उद्योगाची किमान 51 टक्के मालकी खरोखर त्या समाजातल्या माणसाकडे आहे की नाही, हे परिषद तपासते आणि प्रमाणपत्र देते. म्हणजे विकणारा, घेणारा आणि मध्ये खात्री देणारा असे तिघेही तिथं आहेत. महिलांच्या बाबतीत तर पाया त्याहून खालून घालावा लागला. 1988 च्या कायद्याआधी काही अमेरिकी राज्यांत बाईला धंद्यासाठी कर्ज हवं असेल तर घरातल्या पुरुषाची सही मागता येत होती. पुढे 1994 मध्ये सरकारी कंत्राटांच्या रकमेतला 5 टक्के वाटा महिलांच्या उद्योगांना देण्याचं लक्ष्य ठरलं. ते पहिल्यांदा गाठलं गेलं 2015 साली. एवढी मोठी सरकारी यंत्रणा, तिला 21 वर्षं लागली! तेव्हा तुमच्या ॲपनं सहा महिन्यांत क्रांती केली नाही तर खट्टू होऊ नका.

आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांच्या तोंडी असतं, पण त्यातली यंत्रणा क्वचितच कुणी बघतं. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, हे पाठ्यपुस्तकासारखं पाठ असतं. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. सकाळी केंद्रावर मळलेलं पीठ मिळतं, बाई घरी नेऊन लाटते, वाळलेले पापड परत आणून देते, तिथं ते तपासले जातात आणि लाटण्याची मजुरी हातात पडते. माल कुणाला विकायचा ही डोकेदुखी तिची नाही. उधारी वसूल करणं तिचं काम नाही. सारख्या जाडीचे, सारख्या चवीचे पापड हजारो घरांतून निघतात, ते या रोजच्या देवाणघेवाणीमुळे. ॲपचा गंध नसताना उभं राहिलेलं हे जाळं आहे आणि त्यात ‘प्रोफाइल’ नावाची गोष्ट नाही.

तर माझं मत स्पष्ट सांगतो. ओळखी वाढवणारं ॲप करू नका. ऑर्डर आणून देणारं आणि तिचे पैसे वसूल होताहेत की नाही यावर नजर ठेवणारं ॲप करा. किती जणींनी डाउनलोड केलं हा आकडा सरांना दाखवायला ठीक आहे. तुम्ही मात्र महिन्याला किती ऑर्डरी लागल्या आणि त्यातल्या कितींचे पैसे पोचले, हे दोनच आकडे बघा.

आता स्क्रीनवर काय असावं? मैत्रिणीच्या अम्मींचंच काम घेऊ. सोलापूरचे गणवेश देशभर जातात. समजा एका व्यापाऱ्याला पाच हजार शर्ट हवे आहेत. घरी शिवणारी एकटी बाई ही ऑर्डर घेऊच शकत नाही, म्हणून ती ठेकेदाराकडे जाते आणि नगामागची मजुरी मधल्या मधे कमी होत बाईपर्यंत पोचते. पण दिवसाला आठ शर्ट शिवणाऱ्या पंचवीस बायका एकत्र केल्या तर रोजचे दोनशे होतात, म्हणजे पंचवीस दिवसांचं काम. हे गणित ॲपला करता आलं पाहिजे. त्यासाठी त्याला काय माहीत हवं? कुणाकडे साधं मशीन आहे, कुणाकडे ओव्हरलॉक, काज-बटण कोण करून देईल, इस्त्री आणि पॅकिंग कुठे होईल, कुणाच्या घरी लग्न आहे म्हणून पुढचा आठवडा बंद. कटिंग एकाच ठिकाणी एकाच मास्तरकडून व्हायला हवं, नाहीतर मापं जुळत नाहीत आणि सगळा माल परत येतो. ‘स्वतःबद्दल थोडक्यात लिहा’ हा रकाना काढून टाका. त्यात सगळ्याच जणी ‘मी एक जिद्दी उद्योजिका आहे’ असं लिहितात आणि व्यापारी ते वाचत नाही. त्याऐवजी ‘दिवसाला किती?’ असा एक आकडा आणि हातच्या कामाचे तीन फोटो घ्या. शिवण उलटी करून काढलेला एक फोटो हवाच. जाणकार माणूस कॉलरच्या आतली बाजू बघूनच भाव बोलतो.

तुमच्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा एका बोळात ऐकू येतात. चारही भाषांत बटणं करणं अवघड नाही. अवघड आहे ते टाइप करणं, कारण बोलता येणारी भाषा सगळ्यांना लिहिता येतेच असं नाही. वीस सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करू द्या. पण भाव, नग आणि तारीख या तीन गोष्टी आवाजात ठेवू नका. त्या आकड्यांतच पडद्यावर दिसल्या पाहिजेत आणि दोन्ही बाजूंनी त्यावर ‘मान्य’ दाबलं पाहिजे. पुढे वाद झाला की तोच कागद.

यानंतर शीर्षकातला प्रश्न. तुम्ही लॉगिनला मोबाइल नंबर आणि ओटीपी ठेवला असणार, सगळेच ठेवतात. आता बघा, अम्मींच्या हातातला फोन कुणाचा आहे? बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो सकाळी कामावर जाणाऱ्याच्या खिशात जातो. कधी सिम मुलाच्या नावावर असतं आणि मुलगा पुण्याला. बाईला लॉगिन करायचं तर आधी मुलाला फोन, मग तो कामात, मग ओटीपीची मुदत संपलेली. दोनदा असं झालं की ॲप बंद पडलं समजा. शिवाय ऑर्डरीची सूचना, रक्कम, गिऱ्हाइकाचं बोलणं हे सगळं ज्याचा फोन त्याच्या डोळ्यांसमोर. काही घरांत त्यानं काही बिघडत नाही. काही घरांत बाईची कमाई किती हे कळणं म्हणजे ती हातातून जाणं.

यावर उपाय तंत्रज्ञानापेक्षा माणसात आहे. महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, म्हणजे माविमच्या, सहयोगिनी किंवा ‘उमेद’ अभियानातल्या सखी गावोगाव गटांचा हिशेब बघतात. तसं मधलं खातं ॲपमध्ये ठेवा. एक सखी वीस-पंचवीस बायकांच्या वतीनं ऑर्डर घेईल, वाटेल, नोंदवेल. बाईला स्वतःचा फोन मिळेल तेव्हा ती आपलं खातं आपल्या ताब्यात घेईल. मात्र पैसे सखीच्या खात्यातून फिरवू नका, ते थेट बाईच्या बँक खात्यातच गेले पाहिजेत. नाहीतर ठेकेदार हटवून दुसरा ठेकेदार बसवल्यासारखं होईल.

ॲप सतत नेट मागत असेल तर तेही चालणार नाही. फोटो बारीक करून पाठवा, नेट नसताना भरलेली माहिती नंतर आपोआप जाऊ द्या. यात विशेष काही नाही, तुम्हाला हे शिकवलेलं असेलच.

राहिला तुमचा सगळ्यात नाजूक प्रश्न : धर्म-जात विचारावी का?

आधी कायद्याची यादी बघा. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या कायद्याखाली मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि 2014 पासून जैन असे सहा समाज अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित आहेत. यात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार केलेले लोक आहेत आणि ज्यांना दुकानासाठी गाळा भाड्यानं मिळत नाही असेही आहेत. उलट पारधी किंवा वडार समाजातली बाई या यादीत बसत नाही, पण बाजारात तिची ओळख सगळ्यात कमी. तेव्हा ‘अल्पसंख्याक आहात का?’ या एका खुणेनं तुम्हाला हवी ती माणसं सापडणार नाहीत. त्यापेक्षा ‘तुमच्या घरात यापूर्वी कुणी धंदा केला आहे का?’ आणि ‘बँकेचं कर्ज कधी मिळालं आहे का?’ हे प्रश्न विचारा. कुणाला आधी मदत करायची ते त्यातून लवकर कळेल.

धर्म-जातीची माहिती उपयोगी पडते अशी एक ठोस जागा आहे. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणानुसार मंत्रालयं आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली 25 टक्के सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून करायची असते. त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. छोट्या उद्योगांच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीत सामाजिक प्रवर्ग आणि स्त्री-पुरुष ही नोंद होतेच. म्हणजे ज्यांना सरकारी खरेदीसाठी हे दाखवायचं आहे त्यांनी ‘उद्यम’चं प्रमाणपत्र जोडलं की झालं. तुमच्या फॉर्मात वेगळा रकाना लागत नाही.

आणि रकाना नसला तरी नाव असतंच. घरं भाड्यानं देणाऱ्या एअरबीएनबीवर अमेरिकेत झालेला एक प्रयोग 2017 साली प्रसिद्ध झाला. पाहुण्याचं नाव कृष्णवर्णीयाचं वाटलं की घरमालकानं होकार देण्याची शक्यता साधारण 16 टक्क्यांनी कमी, बाकी सगळी माहिती तीच. आपण वेगळे आहोत अशा भ्रमात राहायला नको. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून पाहिले. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. 2007 साली ते छापून आलं. म्हणून शोधाच्या पहिल्या पानावर नाव-फोटो ठेवू नका. कामाचा नमुना, भाव, रोजची क्षमता आणि माल पोचवायची तारीख दाखवा. व्यापाऱ्यानं विचारणा केली आणि बाईनं होकार दिला की मग नाव आणि नंबर उघडा. जिला आपलं नाव आधीच पाटीवर मिरवायचं आहे तिला ती मुभा द्या, तो तिचा हक्क आहे.

नाव-फोटो उघडे न ठेवण्याचं दुसरं कारण याहून गंभीर आहे. 2021 मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि जानेवारी 2022 मध्ये ‘बुल्ली बाई’ या नावांनी मुस्लिम महिलांचे समाजमाध्यमांवरचे फोटो उचलून त्यांचा खोटा ‘लिलाव’ मांडणारी ॲप्स निघाली. गुन्हे दाखल झाले, काहींना अटकही झाली. पण फोटो जायचे ते गेलेच. तुमचा तो नकाशा आठवा : बाईचा फोटो, धर्म, नंबर, घराचा ठिपका, आणि तो कुणालाही बघता येतो. तो नकाशा आजच काढून टाका. जवळ-लांब दाखवायचं तर पेठेचं नाव पुरतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं तर माहिती कशासाठी घेता ते सांगून संमती घेणं बंधनकारक केलं आहे आणि ती सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याची सोय द्यायला सांगितली आहे. तुमच्या चारही भाषा त्या अनुसूचीत आहेत.

पाच ताऱ्यांचं रेटिंग ठेवू नका असाही माझा आग्रह आहे. जुनीला तारे असतात म्हणून काम तिलाच जातं आणि नवीला कामच नाही म्हणून तारे नाहीत. तारे द्यायचेच असतील तर व्यापाऱ्याला द्या. खरं तर तारेही नकोत, एकच ओळ पुरे : ‘हे दुकान सरासरी इतक्या दिवसांत पैसे देतं.’ घरी शिवणाऱ्या बाईला व्यापाऱ्याबद्दल याहून मोलाची माहिती दुसरी नाही, आणि आज ती फक्त गिरणीच्या रांगेत मिळते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांच्या. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी. ती मोफत आहे. जीएसटीच्या बाहेरच्या अगदी छोट्या उद्योगांसाठी 2023 पासून ‘उद्यम असिस्ट’ची सोय आहे. हे हक्क असूनही तक्रार होत नाही, कारण बाईकडे ऑर्डरीचा कागद नसतो आणि शेठला दुखावलं तर पुढचं काम जातं. कागदाची अडचण तुमचं ॲप नक्की सोडवेल. दुसरी सुटेल ती पर्यायी गिऱ्हाइकं मिळाली तर.

ॲपचा खर्च कुठून काढायचा, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. बायकांकडून वर्गणी घेऊ नका. पहिली ओळख ॲपवर झाली की दुसरी ऑर्डर परस्पर फोनवर जाणार, ते धरूनच चला. त्यावर बंदी घालायच्या नादी लागलात तर ॲपच सोडून जातील. एकत्र केलेली मोठी ऑर्डर, जिथं पंचवीस घरांचा हिशेब ठेवायचा आहे, तिथं मात्र व्यापाऱ्याला तुमची गरज लागेल. शुल्क त्याच्याकडून, त्या हिशेबाबद्दल घ्या.

आणि सुरुवात? कोड थोडा वेळ बाजूला ठेवा. एकच धंदा निवडा, माझ्या मते गणवेश, कारण त्याला ठरलेला मोसम आहे. जूनमध्ये शाळा उघडतात, पण कापड आणि शिलाईची धावपळ कितीतरी आधी सुरू होते. दिवाळीनंतर अम्मींना बरोबर घेऊन पंचवीस मशीनवाल्या बायकांची यादी वहीत करा : मशीन, रोजचे नग, भाषा, फोन कुणाचा. चार-पाच व्यापाऱ्यांकडे स्वतः जा आणि एक छोटी ऑर्डर मागा, दोनशे-तीनशे नगांची. कटिंग, वाटप, तपासणी, पैसे, सगळं हातानं करून बघा. कुठे अडलं ते त्याच वहीत लिहा. जिथं तुम्हाला रात्री बसून तेच तेच हिशेब करावे लागले, ॲप तिथलंच करा. भाकरीचा नंबर त्यानंतर. तोवर आईंच्या पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी नोंदणी क्रमांक आणि तयार केल्याची तारीख छापून घ्या. बाहेरगावचा चांगला दुकानदार आधी तेच बघतो.

पहिल्या ऑर्डरीचे पैसे किती दिवसांत मिळाले, ते आम्हाला जरूर कळवा. इतर गावांतल्या वाचकांनाही ते हवं आहे.